जीपचा उखाणा

मालकांनी मला कामावर ठेवताना मोजकंच विचारलं.

"दारू पितोस?"

"न्हाई."

"तंबाखू?"

"न्हाई."

"मग करतोस काय रे?"

"काळजी करतो," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं होतं, पण मालक इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगो, ऐकलंस काय? तुझ्या जोडीला आणखी एक आला!" आणि जीपची चावी माझ्या तळहातावर ठेवली.

मी बीडकडचा. आठवीत शाळा सुटली. नव्वद सालानंतर गावातल्या एकाच्या मागे मागे रोह्याला आलो आणि धाटावच्या केमिकल कारखान्यांत ड्रम चढवायच्या कामाला लागलो. तिथल्या वासाने छातीत खोकला बसला तो बसलाच. खोकत खोकतच एका टेम्पोवर गाडी शिकलो, लायसन काढलं, आणि वरसे गावातल्या या मालकांकडे येऊन पडलो. मालक कंपनीतून निवृत्त झालेले. घरात ते आणि काकी, दोघंच. पहिल्या रात्री काकींनी तांदळाची भाकरी वाढली. आमच्याकडे ज्वारीची. ही भाकरी इतकी पांढरी की मला वाटलं, चुकून पाहुण्याचं ताट माझ्यापुढे आलं. मी खालमानेने विचारलं, "काकी, हे मलाच का?" त्या म्हणाल्या, "नाय, तुझ्या जीपला. खा मुकाट्यानं." त्या घराच्या मागच्या पडवीत मी पुढची कितीतरी वर्षं राहिलो. आजही कुणी माझ्यापुढे ताट सरकवलं की आधी तीच पडवी आठवते.

आता जीपबद्दल. जीप मालकांच्या हाती आली तेव्हाच जुनी होती. इंजिन दणकट, टायर बरे, पण चावीचं लॉक पार झिजलेलं. चावीसुद्धा नावाची चावी. दात केव्हाच गेलेले, अंगाने चिंचोक्यासारखी गुळगुळीत. पहिले काही महिने ते लॉक रुसून बसायचं. चावी पूर्ण आत घातली तर फिरायची नाही. केसभर बाहेर ओढायची, डावीकडे दाबायची, श्वास धरायचा आणि मग फिरवायची. मागे बसलेली माणसं विचारायची, "डायवर, मंतर टाकतोस काय रं?"

पेणला एक मेकॅनिक होता, त्याने सांगितलं, "तेल घालू नको, तेलाला धूळ धरते. पेन्सिलीचं शिसं किसून घाल." शाळा सुटल्यावर मी पहिल्यांदा पेन्सिल विकत घेतली ती अशी, लॉकाच्या तोंडात घालायला. ब्लेडने शिसं किसलं, कागदाच्या पुंगळीतून आत फुंकलं. लॉकाचा रुसवा गेला, पण भलताच गेला. हळूहळू ते इतकं सैल पडलं की कशानेही फिरायला लागलं. चमच्याच्या दांड्याने, नाण्याच्या कडेने, कंगव्याच्या टोकाने. आणि चालत्या गाडीत खड्डा आला की चावी आपोआप बाहेर पडायची. इंजिन मात्र चालूच.

एकदा नागोठण्याच्या अलीकडे मागून एक बाई म्हणाल्या, "डायवर, तुझी चावी माझ्या माशांच्या पाटीत पडली. मग गाडी कशी चालतं रं?"

मी घाबरून म्हणालो, "उतार हाय, ताई."

बाईंनी दोन्ही बाजूंची सपाट भातशेतं बघितली आणि चावी मुकाट्याने पुढे दिली. त्या दिवसापासून मी चावीला काळा दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक स्टिअरिंगखाली अडकवायला लागलो.

पेणच्या मेकॅनिकने पुन्हा डोकं घालून बघितलं आणि निकाल दिला, "याला लॉक म्हणू नको. हे भोक हाय." या मॉडेलचं लॉक बाजारात मिळत नव्हतं. कुठे भंगारात गाडी निघाली तर बघतो, म्हणाला.

घरी आल्यावर मालकांनी मला ओटीवर बसवलं. आवाज बारीक करून म्हणाले, "हे बाहेर कळता कामा नये. कळलं तर कोणीबी उठेल आणि गाडी घेऊन जाईल. तू चावी अशी फिरवायची, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, तिजोरीची हाय."

काळजी करणाऱ्या माणसाला असं सांगू नये. मी गाडी उभी केली की चावी खाडकन काढायचो, बोटावर फिरवायचो, दोन्ही दारं ओढून बघायचो, चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढायचो. नाक्यावरची पोरं म्हणायची, "विमान हाय काय रं?" रात्री मी बॅटरीची एक वायर काढून उशाशी घेऊन झोपायचो. काकी म्हणायच्या, "बायको आली म्हणजे तिला कुठं ठेवशील रे? ती जागा वायरीनं घेतली."

अशात आम्हाला धाटावच्या शिफ्टचं काम मिळालं. पहिली शिफ्ट दुपारी तीनला सुटते, ती माणसं उचलायची आणि नागोठणे, गडबपर्यंत ज्याच्या त्याच्या गावाला सोडायची. लेबर कॉन्ट्रॅक्टर सरळ बोलणारा होता. "महिनाभर बघतो. एक दिवस गाडी लेट आली, की दुसरी गाडी. मला कारण सांगायचं नाय." हे काम टिकलं तर जीप टिकणार होती, आणि जीप टिकली तर मी. नाहीतर मालक जीप विकणार हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण काकींना सांगताना मी पडवीतून ऐकलं होतं. आणि गावी माझ्यासाठी ऊसतोडीचा कोयता भिंतीला अडकवलेला होताच.

महिना संपत आला होता. मे महिना, लग्नसराई. मालकांच्या शेजारच्या घरातल्या मुलाचं लग्न गडबच्या मुलीशी ठरलं होतं. बाकीचं वऱ्हाड टेम्पोने, पण नवरदेवाच्या आत्या-मावश्यांना टेम्पोत चढवत नव्हतं, म्हणून त्यांना माझ्या जीपमधून नेऊन सोडायचं आणि मी लगेच निघून धाटावची शिफ्ट गाठायची, असं ठरलं. आत्या-मावश्या वाटभर गात होत्या. एकीला मधेच ओकारी आली, तिने थांबून ओकून घेतलं आणि पुढचं कडवं धरलं.

गडबला मांडव अगदी हायवेला लागून, शेतात घातलेला. लग्न लागलं, अक्षता पडल्या, मी हळूच मागे सरकलो. तेवढ्यात नवरीच्या मामाने माझा दंड धरला. हायवेवर त्याचं चहाचं दुकान होतं, हात कढईसारखा गरम.

"कुटं निघालास? जेवल्याबिगर जायाचा नाय."

"मामा, शिफ्ट हाय माझी."

"उपाशी डायवर मांडवातनं गेला तर आमच्या पोरीच्या घरात भात शिजंल काय? बस."

बसलो. भात, वालाचं बिरडं, वर तूप. जेवण इतकं चांगलं होतं की मी शिफ्ट थोडा वेळ विसरलो. मी काळजी विसरलो की काहीतरी होतंच. हात धुवायला पिंपापाशी गेलो, चावी पिंपाच्या कडेवर ठेवली, तोंड पुसून बघतो तर चावी नाही.

त्या वर्षी लग्नात नवरदेवाचे बूट पळवायचं नवं फॅड आलं होतं. पण आमच्या नवरदेवाचा भाऊ हुशार. त्याने बूट आधीच पिशवीत घालून पिशवी मांडीवर घेतली होती. तेव्हा बिचाऱ्या करवल्यांनी मिळेल ते पळवलं. मांडवाच्या दाराशी त्या सगळ्या उभ्या होत्या, आणि पुढे नवरीची धाकटी बहीण, बोटात माझी चावी गरगर फिरवत. अगदी मी फिरवायचो तशी.

"चावी द्या वो ताई."

"वो ताई!" ती मागे वळून म्हणाली. "कुठला गो हा?"

"बीडकडचा," मी म्हणालो.

"बीड? तरीच! बिडाच्या तव्यावानी काला हाय!"

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण मामाच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं. "खरंच जायचंय बगा. धाटावची शिफ्ट सुटती. मला उशीर व्हायलाय."

"व्हायलाय!" एकीने दुसरीला ढोसलं. "व्हायलाय गो, व्हायलाय!" आणि पुढची पाच मिनिटं प्रत्येकीला काही ना काही व्हायलाय लागलं.

आता माझी अडचण बघा. माझ्या शर्टाच्या खिशात कंगवा होता. त्या कंगव्याने मी जीप तिथल्या तिथे सुरू करू शकत होतो. पण दोन गावांचं वऱ्हाड, बँडवाले, हायवेवर थांबलेले ट्रकवाले, सगळ्यांच्या देखत. म्हणजे मालकांनी जे झाकायला सांगितलं ते मी भर मांडवात उघडं करायचं. आणि कंगवा नाही काढला तर शिफ्ट जाणार. शिफ्ट गेली की काम, काम गेलं की जीप, आणि जीप गेली की पडवी. मला त्या पांढऱ्या भाकरीचा वास यायला लागला.

"काय पायजे तुमाला?" मी विचारलं.

"नाव घे."

"कुणाचं? माझं लगीन न्हाई झालं."

"जिच्यासंगं दिवसभर फिरतस, तिचं घे की," नवरीची बहीण म्हणाली. "जीपचं!"

मांडवात आरडाओरडा झाला. मागे पंगतीत बसलेले ताटं घेऊन पुढे आले. आमच्याकडे बाया उखाणे घेतात ते मी लहानपणी दाराआडून ऐकले होते, स्वतः कधी घेतला नव्हता. डोळे मिटून सुरुवात केली.

"हायवेच्या कडंला उभी माझी जीप…"

"फुडं?"

"…लवकर द्या किल्ली, मला व्हायलाय लेट."

"जमला नाय!" सगळ्या एका सुरात. मामाने कपाळावर हात मारला. "अरे, जीपला लेट कुटं बसतं? जीप आन् लेट!"

मांडवात एक म्हातारी धवलारीण होती. त्या भागात लग्नात ढवळे म्हणजे हळदीची, लग्नाची गाणी गायला एक जाणती बाई असते, ती ही. सकाळपासून गाऊन तिचा आवाज बसला होता. ती खुर्चीवरून उठली, पोरींना हाताने बाजूला केलं आणि माझ्यापुढे उभी राहिली. "पोर घाबरलाय गो. मी अर्धा देतंय, अर्धा तू लाव," ती मला म्हणाली. मग पंगतीकडे बघून तिने सूर धरला,

"मांडवात वाढला भात, भातावर तूप…"

"बोल. तूपला लाव," ती मला म्हणाली.

तुपाला काय काय जुळतं हे मला नंतर रात्रभर सुचत राहिलं. रूप आहे, खूप आहे, धूप आहे. 'जीपचं नाव घेतो, देखणं तिचं रूप.' किती सोपं होतं! पण त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरा शब्दच नव्हता. जो शब्द मी दिवसभर तोंडात दाबून धरायचो आणि ज्याची वायर रात्री उशाशी घ्यायचो, तोच वर आला. मी मोठ्यांदा, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणालो,

"जीपचं नाव घेतो, तिला न्हाईच कुलूप!"

आधी टाळ्या पडल्या. यमक जुळलं होतं, सूरही बरा लागला होता. मग नवरीच्या बहिणीने बोटातल्या चावीकडे बघितलं.

"म्हंजे? कुलूप नाय, तर मग ही काय?"

मी तोंडावर हात ठेवला. त्या हातानेच सगळं सांगितलं.

धवलारीण हसली. तिच्या तोंडात दात मोजकेच होते. "उखाण्यात खोटा येत नाय," ती म्हणाली. नवरीच्या बहिणीच्या केसातली चपटी पिन तिने उपसली, लुगडं सावरत जीपकडे गेली आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसली. मी मागून धावतोय, "आजी, नका, आजी, गिअर—" पण गिअर न्यूट्रलला होता, माझी सवयच ती. आजीने पिन घातली, फिरवली, आणि जीप खाकरून सुरू झाली.

असा गलका मी आयुष्यात ऐकला नव्हता. बँडवाल्यांनी कुणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. मग जो तो यायला लागला. मामाने चहाच्या चमच्याने सुरू करून बघितली. वाढप्याने उलथन्याने बघितली, ते जाड पडलं, तर लोकांनी त्याचीच टर उडवली. आत्या-मावश्यांपैकी ओकणारी जी होती तिने पायातलं जोडवं काढलं. नवरदेव मुंडावळ्या बाजूला करून लिंबू टोचलेली कट्यार घेऊन निघाला होता, त्याला भटजींनी अडवलं. आणि मी प्रत्येकाच्या मागे उभा राहून म्हणत होतो, "शिफ्ट… माझी शिफ्ट…"

शेवटी नवरीनेच, शालू सावरत बसल्या जागेवरून, बहिणीला दटावलं, "पुरे गो! गरीबाची नोकरी घालवशील. दे चावी." बहिणीने चावी दिली. मग काय वाटलं कोण जाणे, सगळ्या करवल्या जीपच्या मागे लागल्या आणि गाडी चालू असूनही ढकलत हायवेपर्यंत घेऊन आल्या. "जा रं कुलूप! जा लवकर!"

नागोठण्यापर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. इतकंच आठवतं की दोरा अडकवायचा राहिला होता, खड्ड्यात चावी उडून पडली आणि पोचेपर्यंत मी ती शोधायला वाकलोसुद्धा नाही. धाटावच्या गेटसमोर जीप उभी केली आणि त्याच वेळी भोंगा झाला. माणसं डबे हलवत बाहेर यायला लागली. कॉन्ट्रॅक्टर पानाच्या टपरीवर उभा होता. त्याने घड्याळ बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाला, "तुझ्या गाडीच्या मागे झेंडूच्या माळा कशाला लोंबतायत?"

"लगीन होतं."

"तुझं?"

"न्हाई," मी म्हणालो. "जीपचं."

माणसं सोडून संध्याकाळी वरशाकडे वळलो तेव्हा शेजारच्या दारात वऱ्हाडाचा टेम्पो आधीच येऊन उभा होता. म्हणजे बातमी घरी पोचली होती. मालक ओटीवर बसले होते, कशाबशा टेम्पोत चढवून आणलेल्या आत्या-मावश्या भोवती, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी जीप उभी केली. चावी काढली, फिरवली नाही. ओटीच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो.

"मालक, चूक झाली. तुमी सांगितलं व्हतं…"

"शिफ्ट गाठलीस?"

"व्हय."

"वेळेवर?"

"भोंग्याला."

मालकांनी वळून जीपकडे बघितलं. मग म्हणाले, "दोन गावांना कळलं म्हणजे आता चोरणार कोण? जो नेईल तो गडबला पकडला जाईल. आपल्याला फुकट दोन गावं राखणीला मिळाली." आणि गंभीर तोंड करून म्हणाले, "आता तो उखाणा म्हण. या बायकांनी सांगितला, पण त्यांना सूर लागत नाय."

मी म्हणालो. सूर मलाही लागला नाही. काकी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पदराने डोळे पुसून त्या अचानक मालकांकडे वळल्या.

"या पोरानं गाडीचं नाव घेतलं. तुमी माझं शेवटचं कधी घेतलंत?"

आत्या-मावश्यांना तेवढंच हवं होतं. "घ्या, घ्या! उठू देणार नाय!" मालक कंपनीत कितीतरी वर्षं सुपरवायझर होते, आवाज मोठा, पण त्या ओटीवर त्यांचं पाणी पाणी झालं. बरंच खाकरून झाल्यावर त्यांनी सुरुवात केली, "रोह्याच्या बाजारात घेतलं नवं सूप…" आणि तिथेच अडकले. छताकडे बघितलं. तुळशीकडे बघितलं. मग हळूच माझ्याकडे.

मी ओठ हलवले, "खूप."

मालकांचा चेहरा उजळला. काकींचं पूर्ण नाव, सासर-माहेरासकट, त्यांनी ठणकावून घेतलं आणि पुढे जोडलं, "बोलते खूप!" काकींनी हातातला तांब्या उगारला, आणि लाजून आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, पण तो रागाचा नव्हता.

महिना संपला तेव्हा कॉन्ट्रॅक्टर एवढंच म्हणाला, "चालू दे." जीप विकायचं बोलणं पुन्हा त्या घरात निघालं नाही. वायर मी उशाशी घेणं बंद केलं. गडबला मी मामाकडे चहाला थांबलो की तो चहाच्या चमच्याने जीप सुरू करून आपणच सावलीत नेऊन लावायचा, आणि कुणी नवखा जीपच्या आसपास घुटमळला तर दुकानातून ओरडायचा, "ए, ती कुलूपवाल्याची हाय!"

पुढे केव्हातरी पेणच्या मेकॅनिकला भंगारात त्याच मॉडेलचं लॉक मिळालं. चांगलं, घट्ट, दोन चाव्यांचं. ते बसवून येताना मी गडबला थांबलो. मामाने सवयीने चमचा घातला, फिरवला, दोनदा फिरवला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू त्याच्याच घराला मी बाहेरून कडी लावली.

"आता उन्हात तापू दे तुझी गाडी," तो म्हणाला.

मी चहा संपवला. मग चाव्यांच्या कडीतून एक चावी काढली आणि त्याच्या गल्ल्यावर ठेवली.